बोनकोड्याच्या गव्हर्नरचा पाउंड

बोनकोड्यात धर्मा मढवीला कोणी धर्मा म्हणत नाही. लहानथोर सगळे त्याला 'गव्हर्नर' म्हणतात, आणि तोही हाक आली की मान अशी वळवतो, जणू मागे सही घ्यायला रांग लागली आहे. आता गव्हर्नर म्हटलं की बँक आली, आणि बँक आली की नोटा आल्या. तर हो, धर्मा नोटा छापतो. घाबरू नका, पोलिसांनाही ठाऊक आहे. चौकीतल्या हवालदाराच्या बहिणीच्या लग्नातसुद्धा त्याच्याच नोटा उधळल्या होत्या.

झालं असं, की धर्मानं उमेदीची सगळी वर्षं रबाळ्याच्या एका छापखान्यात औषधांच्या खोक्यांवरची लेबलं छापण्यात घालवली. तिथून सुटल्यावर घरी बसून करणार काय? मैनाचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, मासळीबाजारात बस्तान चांगलं बसलेलं. तिला मदत करायला गेला तर गिऱ्हाइकाला "काल आलेली हाय, नका घेऊ" असं खरं सांगून मोकळा व्हायचा. तिनं दोन दिवसांत हात जोडले. मग धर्मानं घराच्या तळमजल्यातल्या गाळ्यात एक जुनं मशीन आणून टाकलं आणि हळदीच्या नोटा छापायला सुरुवात केली.

आमच्या आगऱ्यांची हळद ज्यानं पाहिली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. लग्न एक वेळ आटोपशीर होईल, पण हळदीला मांडव दणाणलाच पाहिजे. बेंजो पाहिजे, मटण पाहिजे, आणि नाचणाऱ्यावरून ओवाळून उधळायला नोटा पाहिजेत. पूर्वी खऱ्या नोटा उधळायचे. त्या नाचणाऱ्यांच्या पायाखाली जायच्या आणि म्हाताऱ्या बाया "लक्ष्मीला पाय लावतात मेले" म्हणून चडफडत बसायच्या. धर्मानं त्यावर तोड काढली. त्याची नोट खऱ्यापेक्षा बोटभर मोठी. वर 'बोनकोडा बँक', मध्ये नवऱ्याचा नाही तर नवरीचा फोटो, आणि खाली एक ओळ: 'हळदीच्या मांडवात दिलेला शब्द मी फिरवणार नाही, असे धारकास वचन देतो.' त्याखाली झोकदार सही. धर्मा मढवी, गव्हर्नर.

ती ओळ उगाच आलेली नाही. हळदीत माणूस दोन घोट घेतो आणि राजा होतो. "बेंजोचे पैसे माझ्याकडून!" "भाच्याला बाईक माझ्याकडून!" सकाळी विचारलं की डोकं धरून "मी? कवा?" हळदीतलं बोलणं सकाळी धरायचं नाही, अशी गावात रीतच पडून गेलेली. धर्माला त्या रीतीचा भयंकर राग. बोलला म्हणजे बोलला, असा त्याचा खाक्या. हा खाक्या त्यानं स्वतःला इतका लावून घेतला होता की विचारू नका. एकदा गणपतीत रुसून बहिणीला, पुतळाला, म्हणाला, "तुज्या हातचा मोदक परत खानार नाय." राग तासाभरात उतरला. पण शब्द गेला होता ना! तेव्हापासून दर गणपतीत हा बहिणीच्या दारात उभा राहून हलवायाकडचे मोदक खातो, आतून उकडीच्या मोदकांचा वास येतो, आणि पुतळा खिडकीतून "खा, खा, चांगला चाव" म्हणून हिणवते.

असा माणूस. आणि त्याच माणसानं गेल्या वर्षी आपल्या एकुलत्या एका पोरीला 'नाय' म्हणून टाकलं.

पोरीचं नाव रुतिका. नर्सिंग शिकली, बेलापूरच्या एका इस्पितळात कामाला लागली, परीक्षा दिल्या आणि लंडनच्या एका मोठ्या इस्पितळात तिची निवड झाली. पेढे घेऊन धावत घरी आली. धर्मा ओसरीवर बसला होता. पेढा तोंडात घातला, बातमी ऐकली, पेढा तसाच गालात राहिला. मग म्हणाला, "जायचा नाय."

"बाबा, अरे पण..."

"नाय म्हंजे नाय. आनि या घरात त्या गावाचं नाव काडायचं नाय."

खरं सांगायचं तर तो भ्यायला होता. पोर वाशीला सिनेमाला गेली तरी हा गाळ्याचं शटर अर्धं उघडं ठेवून वाट बघणारा. समुद्रापलीकडे तिला ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवणार, एवढंच त्याच्या डोक्यात. पण हे त्याला बोलता येईना. 'नाय' बोलता आलं, आणि ते बोलून झालं. चार दिवसांनी मन नरमलं, पण शब्द काही मागे घेता येईना. रुतिकाही त्याचीच पोर. भांडली नाही, रडली नाही. "तू हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही," एवढंच म्हणाली आणि मुकाट कामावर जायला लागली. पण तिकडच्या इस्पितळानं हजर व्हायची तारीख दिलेली. ती जवळ येत चालली होती. ती चुकली की नोकरी गेली.

अशात पुतळाच्या मुलीचं, भाविकाचं, लग्न निघालं. सोयरीक उरणची. नवरामुलगा धनेश बोटीवर कामाला. पुतळा भावाकडे आली आणि ओसरीवर ऐसपैस बसली.

"दादूस, मामाचा हार पाउंडाचा पायजे."

"कसला?"

"पाउंडाचा. लग्न झाल्यावर दोगं लंडनला फिरायला जानार हात. सगल्यांना सांगून बसलेय मी."

ज्या गावाचं नाव घरात काढायचं नाही, त्याच गावाच्या नोटा घरात छापायच्या! पण हळदीत नवरीच्या गळ्यात नोटांचा पहिला हार मामाचा, हा मान. तो कसा सोडणार? पुतळानं जाताना पिशवीतून बिस्किटांचा एक रिकामा डबा काढून दिला. धनेशनं तिकडून आणलेला. डब्यावर दोन उंच बुरुजांचा एक देखणा पूल, आणि शेजारी घड्याळाचा मनोरा.

आता चित्र मिळालं, पण नाव काय लिहायचं? नोटेवर नाव पाहिजेच. धर्मानं पुतण्याला, अंकुरला, विचारलं. तो मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला, "लंडन ब्रिज, काका. आनि ते घड्याळ बिग बेन. एवढं पन म्हाईत नाय?" शाळेतल्या बाईंना विचारलं, त्याही तेच म्हणाल्या. भाजीवाला, रिक्षावाला, सोसायटीतले साहेब, ज्याला विचारावं तो लंडन ब्रिज आणि बिग बेन. अख्खं गाव एका सुरात बोललं की धर्माला तो पुरावा वाटतो. त्यानं पुलाखाली ठसठशीत अक्षरांत 'लंडन ब्रिज' लिहिलं आणि मनोऱ्याखाली 'बिग बेन'. तिकडच्या राजाच्या जागी नथ घातलेली भाविका.

पहिला कागद मशीनमधून निघाला तेव्हा रुतिका चहा घेऊन गाळ्यात आली होती. कागद उचलून बघायला लागली. बघता बघता तिच्या भुवया वर गेल्या.

"बाबा, हा..."

"काय?"

"काही नाही. थांब, आईला दाखवून आणते."

कागद घेऊन वर गेली. बराच वेळ आली नाही. आली ती तोंड अगदी गंभीर करून. "आई म्हणते फर्स्टक्लास झालंय. छापून टाक."

मैनानं आपल्या कामाला फर्स्टक्लास म्हटलेलं धर्मानं सगळ्या संसारात पहिल्यांदा ऐकलं. छाती फुगली. जरा जास्तच छापल्या.

हळदीचा दिवस उजाडला. मांडवात पाउंडच पाउंड. भाविकाच्या गळ्यात मामाचा हार पडला तो थेट गुडघ्यापर्यंत. बेंजोवाल्यांनी रंग धरला, बायका अंगण गाजवायला लागल्या, अंकुर मुठीमुठीनं नोटा उडवत होता. धर्मा पांढरी टोपी घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा सलाम घेत होता. तेवढ्यात उरणहून नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, ती ही उष्टी हळद. मंडळींत पुढे होते धनेशचे काका, चंद्रशेखर घरत. उभं आयुष्य जहाजावर काढलेला माणूस. जग फिरलेला, आणि ते दुसऱ्याला विसरू न देणारा.

काकांनी खाली पडलेली एक नोट उचलली. चष्मा लावला. आणि असे गदगदून हसायला लागले की बेंजोवालासुद्धा थांबला.

"कोनी छापली ही?"

"आमी," धर्मा खुर्चीतून उठला. "बोनकोडा बँक."

"मंग गव्हर्नरसायब, तुमचा पूल चुकला. हा लंडन ब्रिज नाय. हा टॉवर ब्रिज. लंडन ब्रिज याच्या बाजूचा, साधा, सपाट. त्याच्याकडं कोन बगत पन नाय."

"अख्खं गाव बोलतं लंडन ब्रिज हाय."

"अख्खं जग बोलतं. चुकतं. आनि हे बिग बेन पन चुकलं. बिग बेन त्या मनोऱ्याचं नाव नाय, आतल्या मोठ्या घंटेचं हाय."

"घंटा आत असंल तर लोक भायेर उभं राहून फोटो कसला काडतात?" धर्मानं विचारलं. मांडव हसला. धर्माला वाटलं, बाजी मारली. पण काका कसले ऐकतात! खुर्ची ओढून मांडवाच्या मधोमध बसले.

"आयका. तुमच्यासारखाच एक अमेरिकन फसला होता. लंडनवाल्यांनी जुना लंडन ब्रिज विकायला काडला. यानं इकत घेतला, दगड न दगड बोटीत घालून घरी नेला, उभा केला, आनि बगतो तर काय, बुरुजच नाय! त्याला वाटलं होतं, हाच पूल मिळनार." काकांनी नोटेवरच्या बुरुजांवर बोट आपटलं. "तसा पचका झाला गव्हर्नरचा."

आता मात्र मांडव खदाखदा हसला. बायका तोंडाला पदर लावून, पोरं पोट धरून. अहो, खुद्द भाविका हाराआडून हसत होती. धर्माच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आपलाच मांडव, आपलीच भाची, आपलीच नोट, आणि आपलंच हसं! टोपी काढून त्यानं खुर्चीवर आपटली.

"फसला असंल तो अमेरिकन! मी नाय फसायचा! माजी सोताची पोर जाईल लंडनला. त्या पुलावर उभी राहील आनि तिथून फोन करून सांगल मना, कोन खरा आनि कोन खोटा!"

हसू एकदम थांबलं. बेंजोवाल्यानं हातातली पट्टी खाली ठेवली. चंद्रशेखरकाकांना कळेना की एवढं काय झालं. पण बोनकोड्याला कळलं होतं.

"दादूस," पुतळा सावकाश म्हणाली, "काय बोललास?"

"बोललो ते बोललो!" हे धर्माच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो खुर्चीत बसायला गेला तो टोपीवरच बसला.

"म्हंजे तसं नाय," तो चाचरला. "मी आदीच 'नाय' बोललोय ना. मंग तो शब्द?"

तेव्हा मैना उठली. इतका वेळ हळदीची परात मांडीवर घेऊन बसली होती. "तो ओसरीवर बोललास. तोंडी होता. हा मांडवात बोललास. आनि हा छापील हाय." तिनं नवरीकडे बघितलं. "वाच गो भाविका."

भाविकानं गळ्यातल्या हाराची एक नोट वर केली आणि हळदीनं माखलेल्या तोंडानं ठणठणीत वाचलं, "हळदीच्या मांडवात दिलेला शब्द मी फिरवणार नाही, असे धारकास वचन देतो. सही, धर्मा मढवी, गव्हर्नर."

मांडवात ज्याच्या त्याच्या हातात तीच नोट होती. सगळ्यांनी ती वर धरली.

धर्मानं रुतिकाकडे पाहिलं. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. ती हसत नव्हती. लहानपणी सायकल शिकताना मागे वळून बघायची, 'सोडलंस का?' म्हणून, तशी बघत होती. मग जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, रागात बोललास तू. मी हळदीतलं बोलणं धरणार नाही."

बस. यानं धर्मा पुरता विरघळला. दुसरं कोणी असतं तर त्यानं आणखी वाद घातला असता, पळवाट काढली असती. पण जी रीत मोडायला त्यानं नोटेवर ती ओळ छापली, त्या रीतीनं त्याची पोर त्याला सोडून देत होती, आणि स्वतःचं एवढं मोठं काम हातचं घालवत होती. धर्माला आपली लाज वाटली. आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. इतके दिवस गालात राहिलेला पेढा आत्ता कुठे खाली उतरला.

"का नाय धरनार?" तो खेकसला, पण आवाज फाटला. "माजी सही हाय ती. सही कोनाची हाय? माजी! जा. जा म्हंतो ना! पन पहिला फोन त्या पुलावरनं." आणि डोळे पुसायला गेला. हाताला हळद लागलेली, ती डोळ्यांत गेली, मग काय विचारता, गव्हर्नर पाण्यासाठी मांडवभर नाचला आणि बेंजोवाल्यानं त्या नाचावर ताल धरला.

रुतिका गेली. बॅगेत सुकट, घरचा मसाला आणि बोनकोडा बँकेच्या पाउंडांचं एक बंडल. विमानतळावर धर्मा एकच सांगत होता, "गरज पडली तर हे चालवू नको हां." दुसरं काही बोलला असता तर रडला असता.

तिथं पोचल्यावर रविवारी फोन आला. इथं दुपार होती. मैना कोलंबी सोलत होती, धर्मा गाळ्यात मशीन पुसत होता. पडद्यावर रुतिका, डोक्यावर टोपी, मागे लांब कोटातली माणसं भराभरा चाललेली.

"बाबा, पुलावर उभी आहे. लंडन ब्रिजवर."

"कुठं हाय पूल?"

"माझ्या पायाखाली. हाच तो."

धर्मानं मोबाईल नाकाला लावला. सरळ रस्ता, कठडा, खाली गढूळ पाणी. "हा? हा तर आपल्या वाशीच्या खाडीवरचा पूल! याला बुरूज नाय, कमान नाय, काय नाय."

"तुझा बघायचाय?" तिनं मोबाईल फिरवला. लांबवर, त्याच नदीवर, दोन बुरूज उभे. हुबेहूब त्याची नोट. धर्मा बघतच राहिला.

"म्हंजे तो उरनवाला खरा," तो कष्टानं म्हणाला.

"पुलाचं आणि घंटेचं खरं. पण ती अमेरिकनची गोष्ट अफवा आहे, बाबा. इथल्या सिस्टर सांगत होत्या. त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, आपण कुठला पूल घेतोय."

"असं!" धर्मा ताडकन उभा राहिला. "फोन ठेव. मना उरनला फोन करायचाय."

"थांब रे. अजून एक आहे. मला त्या दिवशी गाळ्यातच कळलं होतं, तुझा पूल चुकलाय."

"मंग बोलली का नाय?"

"आईला दाखवलं ना. ती म्हणाली, छापू दे. चंद्रशेखरकाका येणारेत, ते बोलल्याशिवाय राहायचे नाहीत आणि तू ऐकून घ्यायचा नाहीस. पुढचं देवी बघेल."

धर्मानं वळून मैनाकडे पाहिलं. तिची कोलंबीवरची नजर हलली नाही. "बगतंस काय? तुज्या तोंडातनं 'जा' काडायला दुसरा रस्ता होता का?" धर्मानं रागवायचा खूप प्रयत्न केला. डोळे मोठे केले, श्वास ओढला. पण हसूच आलं, आणि ते थांबेना. मग डोळे टिपून पुन्हा मोबाईल जवळ घेतला.

"रोज जातेस काय गो या पुलावरनं?"

"रोज. इस्पितळ पलीकडच्या काठाला आहे."

"कठडा उंच हाय ना?"

"उंच आहे, बाबा."

"धरून चाल."

हल्ली बोनकोडा बँकेनं पाउंडाची नवी नोट काढली आहे. तिच्यावर सपाट, साधा पूल. गिऱ्हाइकं कुरकुरतात, "गव्हर्नर, हा कसला पूल, ते बुरूजवाले द्या ना." धर्मा ऐकत नाही. खरा हाच, म्हणतो. नीट डोळा लावून पाहिलं तर त्या पुलावर तांदळाच्या दाण्याएवढी एक मुलगी दिसते, खांद्याला बॅग लावलेली, एक हात कठड्यावर. हे काय आहे म्हणून कोणी विचारलंच, तर गव्हर्नर चष्मा सारखा करून सांगतो, "ती निशानी हाय. खरी नोट वळकायची."